मदत हवी आहे: माझ्या रॅपवर दुसऱ्याच रॅपरचा कॉपीराइट क्लेम, काय करू?

यार्डातला_आवाज
नमस्कार. मी सांगलीचा, मराठीत रॅप करतो. लेबल नाही, मॅनेजर नाही. लिहिण्यापासून एडिटिंगपर्यंत सगळं घरच्या खोलीत. परवा नवीन गाणं यूट्यूबवर टाकलं आणि सकाळी बघतोय तर कॉपीराइट! नाव कुणा पंजाबी रॅपरचं दाखवतंय, मी त्याला ओळखत पण नाही. गाणं हळदीच्या हमालांवर आहे, मार्केट यार्डात शूट केलंय, पंजाबीतला एक शब्द नाही त्यात. रविवारी कोल्हापुरात सायफर (रॅपर गोल करून आळीपाळीनं गातात ती बैठक) आहे आणि तिथल्या पोरांना हीच लिंक पाठवलीय. व्हिडिओ काढून परत टाकू का? लवकर सांगा प्लीज.

कृष्णाकाठ
आधी काहीही काढू नकोस. कॉपीराइट आला म्हणजे नक्की काय आलं, क्लेम की स्ट्राइक? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे: क्लेममध्ये व्हिडिओ सहसा चालू राहतो, स्ट्राइकमध्ये व्हिडिओ उतरतो आणि चॅनलवर ठपका बसतो. आणि बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, कुणाचं?

यार्डातला_आवाज
क्लेम लिहिलंय. व्हिडिओ चालू आहे. बीट विकत घेतलंय, पैसे भरल्याचा मेल आहे माझ्याकडं. फुकटचं उचललेलं नाही.

होमस्टुडिओ_सातारा
माइक कुठला वापरतोस? घरच्या खोलीत कंडेन्सर लावला की पंख्यापासून रिक्षापर्यंत सगळं येतं. साधा डायनॅमिक घे, मागं गादी उभी कर, आवाज एकदम कोरडा मिळेल.

कृष्णाकाठ
माइकचं त्यानं विचारलंच नाही हो. भावा, विकत घेतलंय म्हणजे लीज (फक्त वापरायची परवानगी, तेच बीट इतरांनाही मिळतं) की एक्सक्लुझिव्ह (फक्त तुलाच)? पैसे भरताना पीडीएफ आली असेल, ती उघडून बघ.

मिरजेचे_काका
बाळा, परक्याच्या बीटवर गायचंच कशाला? आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (इथलीच खास वस्तू असल्याचं मानांकन) मिळालाय. तंबोऱ्याचा षड्ज रेकॉर्ड कर, त्यावर हलगी घे. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकावी लागते, कातडं ताणलं की मग ती कडाडते. असला ठेका विकत मिळत नाही. पठ्ठे बापूराव आपल्याच जिल्ह्यातले, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. सवाल-जवाब ही आपली जुनीच चाल आहे.

रात्रपाळी
काका, मनापासून पटलं, पण त्याचं आज अडलंय. शिवाय हिप हॉप १९७३ मध्ये ब्रॉन्क्समध्ये सुरू झालं ते दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधला ब्रेक (नुसत्या तालाचा तुकडा) पुन्हा पुन्हा वाजवूनच. परकं बीट घेणं म्हणजे चोरी नव्हे, फक्त हक्क नीट बघून घ्यायचे.

मिरजेचे_काका
चोरी कोण म्हणतंय? हमालांचं गाणं आहे, त्यात इथला आवाज असावा एवढंच म्हणणं आहे.

शब्दसाठा
कॉपीराइट ऑफिसात नोंदणी करून टाका. शब्दांना ५०० रुपये, साउंड रेकॉर्डिंगला २००० रुपये फी आहे. मग कुणाची हिंमत होणार नाही.

अॅड_वाळवा
नोंदणी सक्तीची नाही, गाणं तयार झालं की हक्क आपोआप येतो. नोंदणी केली तर चांगलंच, पण हा क्लेम त्यानं सुटणार नाही. इथं शब्दांवर वाद नाहीच, वाद बीटवर आहे.

यार्डातला_आवाज
पीडीएफ सापडली. नॉन-एक्सक्लुझिव्ह लिहिलंय. म्हणजे माझे पैसे गेले का?

कृष्णाकाठ
पैसे कुठं जात नाहीत. तेच बीट प्रोड्यूसरनं आणखी लोकांना लीजवर दिलंय, तो पंजाबी त्यातलाच असणार. त्यानं गाणं डिस्ट्रिब्यूटरकडून (यूट्यूब, स्पॉटिफायला गाणी पोचवणारी कंपनी) टाकताना कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणी जुळवून ओळखणारी यंत्रणा, चालू ठेवलं. आता त्याची फाइल तुझ्या बीटशी जुळते आणि यंत्र आपोआप क्लेम लावतं. खरं तर ज्यावर आपला एकट्याचा हक्क नाही ते कंटेंट आयडीत टाकायचंच नसतं. तू डिस्प्यूट कर, म्हणजे क्लेमवर हरकत घे, कारणात लायसन्स निवड, पीडीएफमधला लायसन्सचा मजकूर आणि प्रोड्यूसरचं नाव लिही. त्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, गप्प बसला तर क्लेम सुटतो. क्लेम लागल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट केलास तर त्या पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवतात. तुझा चॅनल मॉनेटाइज आहे का, म्हणजे जाहिरातींचे पैसे तुला मिळतात का?

यार्डातला_आवाज
नाही अजून. म्हणजे सध्या माझ्या गाण्यावर जाहिरात लागली तर पैसे त्याला?

कृष्णाकाठ
हो, क्लेम आहे तोवर.

रात्रपाळी
मी असतो तर बीट बदलून नवीन व्हर्जन टाकलं असतं. ३० दिवस कोण थांबणार? आणि डिस्प्यूट केला की स्ट्राइक बसतो, माझ्या मित्राला बसलाय.

अॅड_वाळवा
डिस्प्यूट केल्याबरोबर स्ट्राइक बसत नाही. समोरच्यानं डिस्प्यूट किंवा त्यापुढचं अपील न मानता रीतसर गाणं काढायची मागणी केली, तर बसू शकतो. तो ९० दिवसांनी उतरतो, त्याच ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जातो. हातात लेखी लायसन्स आहे, मग माघार का घ्यायची? व्हिडिओ काढून परत टाकला तर व्ह्यू आणि कमेंट जातील, आणि बीट तेच असल्यानं क्लेम पुन्हा लागेल.

यार्डातला_आवाज
डिस्प्यूट टाकला. प्रोड्यूसरचा पण मेल आला, त्या पंजाबी पोरानं लीजच घेतलीय, त्याला क्लेम सोडायला सांगतो म्हणालाय. रविवारी हीच लिंक वाजणार. आता हेच गाणं स्पॉटिफायला टाकतोय तर डिस्ट्रिब्यूटरचा फॉर्म विचारतोय, कंटेंट आयडी हवं का? हो करू ना, म्हणजे मी सेफ?

कृष्णाकाठ
अजिबात नाही! हो केलंस तर उद्या त्याच बीटवर गाणाऱ्या तिसऱ्याच पोराला तुझ्या नावानं क्लेम जाईल. आणि लीजमध्ये स्ट्रीमची, म्हणजे गाणं ऑनलाइन किती वेळा वाजू शकतं याची, मर्यादा किती आहे ते वाच, बऱ्याच लीजमध्ये असते.

शब्दसाठा
स्पॉटिफायवर लगेच पैसे येतील असं धरू नकोस. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत एका ट्रॅकला किमान १००० स्ट्रीम असले तरच रॉयल्टी मोजतात.

अॅड_वाळवा
आणि या गाण्यामुळं एखाद्या लेबलनं करार पाठवला तर मुदत बघितल्याशिवाय सही करू नका. हक्क लिहून देताना मुदत घातलीच नाही, तर आपल्या कायद्यात ती ५ वर्षं धरतात. कायमचे हक्क असं लिहिलेलं असेल तर मात्र गाणं गेलंच.

यार्डातला_आवाज
कंटेंट आयडीला नाही केलं. काका, पुढच्या गाण्याला हलगी खरंच पाहिजे. वाजवणारं कुणी आहे का ओळखीत?

मिरजेचे_काका
दोघं आहेत. मेसेज कर, नंबर देतो. पण मानधन ठरवूनच बोलव, त्यांचं पोट त्यावरच आहे. आणि गाण्याखाली त्यांचं नाव घाल.