मदत हवी आहे: सिंक दाबूनही दोन ट्रॅक एकत्र वाजले की सगळं गढूळ होतं

मंडळी,

इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकण्याचं वेड जुनं आहे, वाजवण्याचं नवीन. मुख्यतः हाउस, अधूनमधून टेक्नो. यातून पैसे कमवायचे नाहीत. तासाभराचा एक सलग सेट घरच्या घरी नीट लावता यावा, एवढीच हौस आहे.

सामान: दोन चॅनलचा साधा डीजे कंट्रोलर (लॅपटॉपवरचे दोन ट्रॅक मिसळायचा नॉब-फेडरचा बोर्ड), त्याच्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर, लॅपटॉप आणि रोजच्या वापरातला ब्लूटूथ हेडफोन.

अडचण अशी. समजा पहिला ट्रॅक १२४ बीपीएमचा (मिनिटाला १२४ ठोके) आहे आणि दुसरा १२६ चा. सिंक (दोन्ही ट्रॅकचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की दोन्हीकडे १२४ दिसतं, पडद्यावरच्या उभ्या रेघाही एकाखाली एक येतात. तरी दुसऱ्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर नेला की किक (मोठ्या ड्रमचा ठोका) फुगते, बेस घुमायला लागतो, मीटर लाल होतो. वर एकाचा ब्रेक (ड्रम थांबतात तो भाग) ऐन रंगात असताना दुसऱ्यात गाणारी बाई सुरू झालेली असते. सिंक बंद करून कानाने जुळवायला बसले तर आणखीच पंचाईत: हेडफोनमध्ये जुळलेलं स्पीकरवर सुटलेलं असतं.

तर सिंक वापरावं की आधी कानाने जुळवायला शिकावं? हा गढूळपणा कशामुळे? ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, टर्नटेबलवर (तबकड्या वाजवायच्या यंत्रावर) हात बसल्याशिवाय खरं डीजेइंग येत नाही. त्यात कितपत तथ्य आहे? आणि ट्रॅक कुठून घ्यावेत? जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

सगळ्यात आधी तो ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोचायला सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो. १२४ बीपीएमला एक ठोका साधारण ४८४ मिलिसेकंदांचा. म्हणजे तुम्ही ठोक्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं मागचं ऐकून जुळवताय, स्पीकर मात्र आत्ताचं वाजवतोय. कान चांगला असला तरी हे जुळणार कसं?

कंट्रोलरला हेडफोनसाठी जॅक बहुधा असतो, तिथे वायरवाला हेडफोन लावा. मग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मास्टर (स्पीकरला जाणारा आवाज) आणि क्यू (फक्त हेडफोनमध्ये ऐकायचा आवाज) हे दोन्ही कंट्रोलरच्याच साउंडकार्डवर गेलेत ना ते बघा. बफर (सॉफ्टवेअर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा पाठवतं ते) २५६ सॅम्पलवर ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला जेमतेम ६ मिलिसेकंद होतात, ते जाणवत नाहीत. लॅपटॉप अडखळायला लागला, आवाजात टकटक आली, तर बफर थोडा वाढवा.

प्रतिसाद:

वरच्याशी सहमत, पण गढूळपणाचं कारण वेगळं आहे. दोन किक आणि दोन बेसलाइन एकाच वेळी वाजताहेत. सारख्या जोराच्या दोन किक अगदी एकावर एक पडल्या तर पातळी ६ डेसिबलपर्यंत चढते, म्हणून मीटर लाल. त्या काही मिलिसेकंद मागेपुढे असल्या तर एकमेकींना थोडं खातात आणि आवाज पोकळ होतो. दोन्ही परी वाईटच. खालच्या पट्ट्यात एका वेळी एकच ट्रॅक असू द्यायचा.

हे करून बघा. येणाऱ्या ट्रॅकचा लो नॉब (किक-बेसचा खालचा पट्टा कमी-जास्त करणारा) आधीच पूर्ण बंद करून ठेवा. फेडर सावकाश वर न्या. आता नव्या ट्रॅकचे फक्त हाय-हॅट, टाळ्या, फार तर एखादा सिंथ ऐकू येईल आणि किक जुन्याचीच राहील. तसंच वाजू द्या, घाई नको. मग नवं आवर्तन सुरू होताना, बरोबर पहिल्या मात्रेवर, एका हाताने जुन्याचा लो बंद आणि दुसऱ्या हाताने नव्याचा लो मधल्या खुणेपर्यंत. हे एका झटक्यात झालं की बेस बदलल्याचं अंगाला कळतं, पण जोड कुठे आहे ते सापडत नाही. तिथून पुढे जुन्याचा मिड (मधला पट्टा) कमी करत फेडर खाली आणा.

त्याआधी गेन, म्हणजे ट्रॅकची मूळ पातळी ठरवणारा नॉब. दोन्ही ट्रॅकचे सगळ्यात भरलेले भाग मीटरवर सारख्याच उंचीला यावेत, लालच्या बऱ्यापैकी खाली. फेडर हे गेनचं काम करण्यासाठी नाहीत.

धागाकर्ती:

वायरवाला हेडफोन लावल्यावर निम्मा त्रास तिथेच संपला! लो नॉबचंही जमतंय. पण "नवं आवर्तन सुरू होताना" म्हणजे नेमकं कधी? मोजायचं कुठून?

प्रतिसाद:

पहिल्या किकपासून. हाउस-टेक्नोत चार मात्रांचा एक बार असतो आणि बहुतेक बदल ८ किंवा १६ बारांनी होतात. ८ बार म्हणजे ३२ ठोके, १२४ ला सुमारे साडेपंधरा सेकंद. कंट्रोलरला हातही न लावता एखादा ट्रॅक ऐका आणि बोटांवर मोजा. तेहेतिसाव्या ठोक्याला बहुधा काहीतरी होतं: झांज पडते, हॅट सुरू होते, बेस येतो नाहीतर जातो. तीच तुमची सम.

ब्रेकवर गाणं चढण्याची तुमची तक्रार इथेच सुटते. सिंक ठोके जुळवतं, पण आवर्तनातला कितवा ठोका चालू आहे हे बघायचं काम तुमचंच. नव्या ट्रॅकचा इंट्रो १६ बारांचा असेल, तर जुन्याचा बेस जिथे संपतो त्याच्या १६ बार आधी हॉट क्यू (ट्रॅकमध्ये लावून ठेवायची खूण, बटण दाबलं की ट्रॅक तिथे जातो) लावून ठेवा. तिथे पोचलात की नवा ट्रॅक पहिल्या किकवरून सोडा. इंट्रो संपून नव्याचा बेस येईल तेव्हाच जुन्याचा गेलेला असेल. कधीकधी नॉबला हात लावायचीही गरज पडत नाही.

माझं मत विचाराल तर कानाने बीट जुळवण्याआधी हेच शिका.

प्रतिसाद:

शेवटच्या वाक्याशी असहमत. कानाचं काम पुढे ढकललं की ते राहूनच जातं.

सिंक वापरणं काही पाप नाही, पण ते बीटग्रिडच्या (ठोके कुठे पडतात ते दाखवणाऱ्या रेघांच्या) भरवशावर चालतं आणि ग्रिड सॉफ्टवेअरने अंदाजाने आखलेली असते. सत्तरच्या दशकातली डिस्को गाणी घ्या. ड्रमर माणूस, त्यामुळे लय जराशी मागेपुढे होतेच. ग्रिड सरकते आणि सिंक आत्मविश्वासाने चुकीचं जुळवतं. अशा वेळी कानच कामाला येतो.

सराव सोपा आहे. एकच ट्रॅक दोन्ही डेकवर लावा, दुसऱ्याचा टेम्पो फेडर न बघता हलवा, बीपीएमचा आकडा कागद चिकटवून झाका. आता जुळवा. "धड्"च्या जागी "ध-धड्" ऐकू आलं की सुटलंय. जॉगव्हीलला (डेकवरच्या गोल चकतीला) पुढे हलका धक्का दिल्यावर जुळलं, तर तो डेक मागे पडत होता. टेम्पो किंचित वाढवा. मागे ओढल्यावर जुळलं, तर कमी करा. फरक किती बारीक असतो बघा: १२४ आणि १२४.१ हे ट्रॅक ३२ बार, म्हणजे मिनिटभर, सोबत वाजले तर ५० मिलिसेकंदांनी सुटतात, आणि ते स्पष्ट ऐकू येतं.

टर्नटेबलचं म्हणाल तर टेक्निक्सचं एसएल-१२०० आलं १९७२ मध्ये. त्याचं मार्क २ मॉडेल १९७९ चं, त्यात उभा पिच स्लायडर आला, अधिक-उणे ८ टक्क्यांचा. डीजेंच्या कित्येक पिढ्या त्यावर घडल्या. मला स्वतःला विनाइल फार आवडतं. पण आज सुरुवात करणाऱ्याला त्याची सक्ती करणं हा निव्वळ हट्ट आहे. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना नमस्कार सांगा आणि कंट्रोलरवरच शिका.

जाता जाता: वेग ६ टक्के बदलला की सूर जवळपास एका अर्ध्या स्वराने सरकतो. १२६ चं १२४ करण्यात दीड टक्क्याच्या आसपासच फरक पडतो, तेवढ्याची चिंता नको. जास्त ओढायचं असेल तर की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावा.

प्रतिसाद:

ट्रॅकबद्दल. बँडकँप किंवा बीटपोर्टवरून विकत घ्या, किमान ३२० केबीपीएसचे एमपी३, जमलं तर वाव्ह किंवा एआयएफएफ. व्हिडिओवरून उतरवलेला आवाज दोनदा पिळलेला (कॉम्प्रेस केलेला) असतो. हेडफोनवर खपून जातो, मोठ्या स्पीकरवर हाय-हॅट फुसफुसतात. स्ट्रीमिंगवरचे ट्रॅक बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा, कारण सेट रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकण्यासारखा मास्तर नाही. सुरुवातीला तीस-चाळीसच ट्रॅक ठेवा, पण त्यांचा ब्रेक कुठे आहे ते झोपेतही सांगता आलं पाहिजे.

आणि आवाज बेताने. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. क्यू ऐकताना हेडफोन एकाच कानावर ठेवून आवाज वाढवत नेण्याची सवय पटकन लागते.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद चिकटवलाय! एकच शंका उरली. जुन्या ट्रॅकचा आउट्रो छोटा, जेमतेम ८ बारांचा, आणि नव्याचा इंट्रो ३२ बारांचा असेल तर काय करायचं?

प्रतिसाद:

आउट्रोतले ज्यात गाणं नाही असे ४ बार लूप करा (पुन्हा पुन्हा वाजवा), हवा तेवढा वेळ मिळतो. लूप पहिल्या मात्रेवरच चालू करा, नाहीतर मोजणी घसरते. किंवा उलट: नव्या ट्रॅकमध्ये इंट्रो संपायच्या ८ बार आधी हॉट क्यू लावून तिथूनच सोडा. मी दुसरा मार्ग घेईन, लूप जास्त वेळ चालला की कंटाळवाणा होतो.