१९७२ ची कास्ट आयर्न बुलेट ३५०: मूळ रूपात उभी करावी की चॉपर?

सह्यवारा
नमस्कार मंडळी. घरात १९७२ ची बुलेट ३५० आहे. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. आठ वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन जाम नाही, किक फिरते, पण ठिणगी कधी पडते, कधी नाही. चालू झालीच तर तीन-चार मिनिटं पांढरट-निळा धूर, मग तो कमी होतो. क्लच कव्हरखाली तेलाचं डबकं साचतं. आरसी बुक आहे, इंजिन आणि चॅसी नंबर जुळतात.
धाकट्या भावाला तिचा चॉपर करायचाय: लांब चिमटा (पुढचा फोर्क), ३८ अंशांचा रेक (हँडलच्या दांड्याचा मागचा कल), मागे शॉकअप नसलेली कडक फ्रेम. माझं मन होत नाही, पण त्याला पटेल असं कारणही सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू?

कंडेन्सर
आधी किक मारणं थांबवा. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेल फीड पंपातून झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं. सुरुवातीचा धूर त्याचाच. तळाला क्रँककेसचा ड्रेन बोल्ट वेगळा आणि टाकीचा वेगळा असतो, दोन्ही खोला. क्रँककेसमधून पेलाभर किंवा जास्त तेल निघालं तर रिंगांना दोष देऊ नका. नवं २०डब्ल्यू-५० घाला, सव्वादोन लिटरच्या आसपास बसतं. फेल्टचा फिल्टर बदललात तर त्याची खोली तेलाने भरूनच झाकण लावा. कोरडी ठेवली तर ती भरेपर्यंत बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) तेल मिळत नाही, आणि तिथे गोळ्या-रोलरचं बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश (मोकळी फिरणारी धातूची नळी) आहे. कोरडं चालणं त्याला सोसत नाही.

टायमिंग कव्हर उघडलंत तर क्रँकच्या टोकाशी बुचाचं एक छोटं सील दिसेल. ते नवंच घाला, आधी तेलात भिजवून. सुकलेलं सील परत बसवलं की तेल तिथूनच निसटतं आणि काही दिवसांत खालून खटखट सुरू होते. पंपाच्या डिस्क कव्हरमधल्या सीटवर मेटल पॉलिशने घासून बसवा. व्हॉल्व्हची जाड पेस्ट नको, तिचे कण ॲल्युमिनिअममध्ये रुतून बसतात.

चालू झाल्यावर रॉकरला (वरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याला) जाणाऱ्या पाइपचा बँजो बोल्ट (तेल वाहणारा पोकळ बोल्ट) अर्धा वळसा सैल करून बघा, तेल पाझरलं पाहिजे. पण हे रिटर्न पंपाचं, म्हणजे परतीच्या वाटेवरचं तेल आहे; बिग एंडला तेल फीड पंप देतो. ते दिसलं म्हणजे बिग एंडलाही पोचतंय, असं गृहीत धरू नका. बरेच जण इथेच फसतात.

आता ठिणगी. पॉइंट (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडताना त्यांच्यामध्येच मोठी निळी ठिणगी उडत असेल तर त्यांना जोडलेला कंडेन्सर गेला. पॉइंट पॉलिश पेपरने घासू नका, बारीक कानशीच वापरा. पेपरचे कण अडकले की संपर्क पुन्हा तुटतो. फट ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पिस्टन वर यायच्या ०.८ मिमी आधी, आणि तेही ऑटो-ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेची) वजनं पूर्ण मिटलेली असताना. वजनं उघडी असताना सेट केलं तर टायमिंग मागे राहतं, गाडी गरम होते आणि ओढत नाही. मिटलेल्या स्थितीतच जास्त पुढे ठेवलं तर किक उलटी बसते, घोटा सांभाळा. पॉइंट नेमके कधी उघडतात ते बघायला सिगारेटचा पातळ कागद मध्ये धरून हलकेच ओढत राहा. सुटला तो क्षण.

किक मारण्याआधी ॲमीटरकडे (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या काट्याकडे) बघा. इग्निशन चालू ठेवून इंजिन हळूहळू फिरवलं की काटा डिस्चार्जकडे झुकतो, पॉइंट उघडले की मध्यावर येतो. तिथे डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवा, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण किक.

डावा ब्रेक
कंडेन्सर यांनी टॅपेट (व्हॉल्व्हच्या दांड्यांची फट) राहू दिले, ते जोडतो. गार इंजिन, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. म्हणजे फट शून्य. “थोडा आवाज करू द्या” म्हणून सैल ठेवणाऱ्यांचं ऐकू नका.

डबक्याबद्दल: क्लच कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं आणि कडेला रबरी रिंग असते. गळतंय म्हणून नट आवळत गेलं की कव्हर वाकतं आणि जास्त गळतं. रिंग नवी घ्या, खाच कोरडी पुसा, नट बेताने आवळा.

मूळ रूपाबद्दल मात्र मनापासून सांगतो. टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असतात. जिथे शाबूत आहेत तिथे पुन्हा रंग देऊ नका, नुसतं पॉलिश करा. जवळून बघा, वळणावर ब्रश उचलल्याची जागा दिसते. ते स्टिकरने येत नाही. केसिंग बफ करताना नंबरावर बफ फिरवू देऊ नका. आणि गिअर डावीकडे आणायच्या भानगडीत पडू नका. आडव्या सळईच्या जोडात इतका ढिलेपणा येतो की न्यूट्रल सापडत नाही.

लेथवाला
धाकट्या भावासाठी थोडं गणित. चाकाची त्रिज्या ३२५ मिमी आणि टी चा (फोर्क धरणाऱ्या वरच्या-खालच्या ब्रॅकेटचा) ऑफसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यापासून फोर्क किती पुढे आहे ते, ६० मिमी धरा. रेक २७ अंश असताना ट्रेल (हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीला जिथे लागते तिथपासून चाक टेकतं तिथवरचं अंतर) सुमारे ९८ मिमी येतो. तोच ऑफसेट ठेवून रेक ३८ केला तर ट्रेल सुमारे १७८. रस्त्यावर सरळ धावेल, पण सिग्नलला वळवताना हँडल एका बाजूला कोसळेल. ट्रेल ११० वर आणायचा तर ऑफसेट ११३ हवा, म्हणजे वरची-खालची टी नवी खरडावी लागणार. नुसते लांब पाइप घालून चॉपर होत नाही.

दुसरं, पुढचा भाग १०० मिमी उचलला की १३७० मिमीच्या व्हीलबेसवर (दोन चाकांमधल्या अंतरावर) सगळी गाडी चार अंशांहून जास्त मागे कलते. कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी बदलते, क्रँककेसमधलं तेलही मागे सरकतं. तिसरं, या फ्रेमचे जोड ओतीव लग (पाइप बसवायचे सांधे) आणि पितळी ब्रेझिंगचे (पितळ वितळवून केलेल्या जोडाचे) आहेत. रेक वाढवायला हेडस्टॉकशी (हँडल जिथे बसतं त्या फ्रेमच्या नळीशी) कापून साधं वेल्डिंग मारलं की शेजारचा पाइप काही दिवसांनी तडकतो. मूळ ड्रम ब्रेक तर आधीच बेताचा आहे.

चॉपर करायचाच असेल तर कागद नसलेलं इंजिन आणि नवी फ्रेम घेऊन प्रदर्शनासाठी बनवा. ही कापू नका, एवढीच विनंती.

आरसी बुक
कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत बदल करता येत नाही, २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते आणखी स्पष्ट झालं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.
उलट, २०२१ च्या व्हिंटेज नियमात पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली दुचाकी बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र तशी नोंदणी केली की रोजच्या वापराला मनाई. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची असेल तर आहे तीच नोंदणी नूतनीकरण करून ठेवा.

सह्यवारा
ट्रेलचं गणित भावाला दाखवलं, तो गप्प बसलाय. क्रँककेसमधून जवळजवळ अर्धा लिटर तेल निघालं. एक शंका: क्लच कव्हरमधलं तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतंय.

डावा ब्रेक
मग फक्त रिंग बदलून भागणार नाही. क्रँकच्या डाव्या टोकाचं, आल्टरनेटरमागचं ऑइल सील गेलंय. उभ्या गाडीत क्रँककेस भरली की तेल तिथून प्रायमरीत (क्लच कव्हरमागच्या साखळीच्या खोलीत) येतं, प्लेटा तेलकट होतात आणि क्लच घसरतो. कव्हर उघडलंच आहे तर सील आत्ताच बदला. बसवण्याआधी शाफ्टवर नखाला लागेल इतकी खाच पडलीय का बघा. पडली असेल तर नवं सील थोडं मागे-पुढे बसवा, म्हणजे त्याचा ओठ गुळगुळीत जागेवर टेकेल.