'इन-कॅमेरा'तला कॅमेरा

कुणीतरी लिहिलंय की 'इन-कॅमेरा सुनावणी' म्हणजे चित्रीकरण करून घेतलेली सुनावणी. अर्थ नेमका उलटा आहे: बंद दाराआड, म्हणजे न्यायाधीशांच्या दालनात. लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे कमानदार छत, पुढे खोली. हा शब्द मूळचा ग्रीक.

इटालियनमध्ये 'कामेरा' आजही खोलीच. घरावर 'कामेरे' (अनेकवचन) अशी पाटी दिसली तर तिथे भाड्याने खोल्या मिळतात. फोटोच्या कॅमेऱ्याला तिथे 'माक्किना फोतोग्राफिका' म्हणतात. फ्रेंचमध्ये 'का'चा 'शा' झाला, मधला स्वर गळला, 'म' आणि 'र' एकमेकांना भिडले आणि उच्चाराच्या सोयीसाठी मध्ये 'ब' शिरला: शांब्र (खोली). लॅटिन 'नुमेरुस'चं (संख्या) फ्रेंच 'नोंब्र' झालं ते याच वाटेने. उलट फ्रेंच 'कामेरा' फक्त चलच्चित्रणाचा. स्थिर फोटोसाठी 'आपारेय फोतो'. इथे शिकणारे हमखास चुकतात.

स्पॅनिशमध्ये लिंग सांभाळा: 'ला कामारा' म्हणजे यंत्र, 'एल कामारा' म्हणजे ते चालवणारा पुरुष. जर्मनने दोन्ही रूपं वेगळी ठेवली, काम्मर (लहान खोली) आणि कामेरा (यंत्र).

यंत्राला हे नाव मिळालं ते 'कामेरा ऑब्स्क्युरा'मुळे, म्हणजे अंधारी खोली, जिच्यात छोट्या भोकातून आलेल्या प्रकाशाने बाहेरचं चित्र भिंतीवर उमटतं; खगोलशास्त्रज्ञ केपलरने १६०४ साली हा शब्दप्रयोग वापरला. आणि 'कॉम्रेड'? स्पॅनिश 'कामारादा', एका खोलीत राहणारे सैनिक. हिंदीतला 'कमरा'सुद्धा पोर्तुगीज 'कामरा'वरून आलेला.