आठ सेकंदांच्या वेडावर आयुष्य बेतावं का?

केटीची_आई
आम्ही अमेरिकेत, टेक्ससमधल्या ह्यूस्टनजवळ केटीत राहतो. मुलगी सतरा वर्षांची. सात वर्षांची असताना मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर ह्यूस्टन रोडिओला गेली, आणि त्या रात्री घरी येऊन झोपलीच नाही. रोडिओ म्हणजे काउबॉयांच्या खेळांची जत्रा, आणि तिला वेड लागलं त्यातल्या बैलस्वारीचं: उसळत्या बैलाच्या पाठीवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचं. मोकळा हात बैलाला किंवा स्वतःला लागला की संपलं. शंभरातले पन्नास गुण स्वाराचे, पन्नास बैलाचे. हे सगळं मला तिनेच शिकवलं. खोलीत जे. बी. मॉनी या स्वाराचा फोटो आहे. बुशव्हॅकर नावाच्या बैलाने मोठ्या सामन्यांत सलग 42 वेळा स्वारांना पाडलं होतं आणि 2013 मध्ये टल्सात मॉनी त्याच्यावर टिकला, हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं.

आता कॉलेजचे अर्ज भरायचेत. बाबांचं म्हणणं कॉम्प्युटर सायन्स. तिला स्टीफनव्हिलच्या टार्लटन स्टेटला जायचंय, कारण तिथे कॉलेजचा स्वतःचा रोडिओ संघ आहे. आधी कायनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, मग अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळण्यात मास्टर्स, आणि पुढे रोडिओच्या वैद्यकीय पथकात काम. बैलावर बसायचं तिच्या मनात नाही.

मी तिच्या बाजूने आहे. स्वार पडला की आपण बैलाकडे बघतो, ती बॅग घेऊन कोण धावतंय ते बघते. जीवशास्त्रात काठावर पास होणारी मुलगी लेन फ्रॉस्ट या स्वारामुळे शरीररचना वाचायला लागली. 1989 मध्ये शायेनला हा पोरगा आठ सेकंद पूर्ण करून खाली उतरला आणि बैलाने मागून धडक दिली. पंचविसाव्या वर्षी गेला. त्याचा मित्र कोडी लँबर्टने त्यानंतर स्वारांसाठी संरक्षक जाकीट बनवलं, आज ते सगळे घालतात. "आई, ते जाकीट आधी का नव्हतं?" हा तिचा नववीतला प्रश्न होता. ज्या आवडीने मुलीला असा प्रश्न पडतो, ती मोडून काढायची?

प्लेनोकर
ताई, राग मानू नका, मी विरोधात आहे. प्रेक्षक म्हणून आवडणं आणि पोटासाठी त्यात उतरणं यांत फार अंतर आहे. या खेळात वर्षानुवर्षं स्वारांनाच पगार नव्हता. प्रवेश फी स्वतः भरायची, पेट्रोल स्वतःचं, पडलात तर रिकाम्या हाताने घरी. 2022 मध्ये संघांची लीग आली तेव्हा कुठे काही जणांना करार मिळाले. स्वाराची ही गत, तर पट्टी बांधणाऱ्याला काय मिळणार? त्यातही आता मास्टर्सशिवाय अ‍ॅथलेटिक ट्रेनर होता येत नाही. सहा वर्षांचं शिक्षण, डोक्यावर कर्ज, आणि पुढे दर शनिवार-रविवार नव्या गावात.

आणखी एक. 2019 च्या जानेवारीत डेन्व्हरला मेसन लो नावाचा स्वार जिवानिशी गेला. तोही पंचवीसचाच. त्याच्या अंगावर जाकीट होतं. बॅग घेऊन धावणारी व्यक्ती उद्या तुमची मुलगी असेल. तिने स्वप्नात हा प्रसंग धरलाय का? चांगली नोकरी करून दरवर्षी पुढच्या रांगेचं तिकीट काढता येतंच की.

घाटकरी_खेड
मी राजगुरुनगरचा, बैलगाडा शर्यतीत वाढलेला. आमच्याकडे बैलावर कोणी बसत नाही. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्यापुढे घोडी पळते, बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते. पण वेड तेच, म्हणून लिहितो.

मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं आम्ही बघितलीत. निवेदक, वाजंत्री, बैल नेणारे टेम्पोवाले, ज्यांचं पोट फक्त घाटावर होतं ते बसून राहिले. खिल्लार बैलांची माया होती म्हणून मी पशुवैद्यकाची पदविका केली होती. घाट बंद झाला, पण तालुक्यातल्या गाई कुठे जाणार? माझं काम एक दिवस थांबलं नाही.

ताई, लेकीला एवढंच विचारा: उद्या रोडिओ बंद पडला तर तुझ्या हातात काय उरेल? माझ्या समजुतीप्रमाणे ट्रेनरचं काम तुमच्याकडच्या शाळांच्या फुटबॉललाही लागतं. मग घाबरायचं कशाला? प्लेनोकर दादा पगाराचं बरोबर बोलतात. पण न आवडणारं काम तीस वर्षं ओढण्याची किंमत त्यांनी हिशेबात धरली नाही.

अनया_ठाणे
सगळे माणसांबद्दलच बोलताय. बैलाच्या कमरेला पट्टा आवळायचा, तो उसळला की टाळ्या पिटायच्या. या खेळाभोवती कुणीच करिअर करू नये. डॉक्टर, ट्रेनर सगळे मिळूनच तो चालू ठेवतात.

गोठ्यातला_डॉक्टर
अनयाताई, मी पशुवैद्य आहे, म्हणून पट्ट्यापुरतं सांगतो. तो वृषणांना बांधतात हा गैरसमज आहे. मागच्या पायांपुढे पोटाभोवती असतो, आणि स्वारी संपली की सोडतात. या बैलांची पैदासच उसळण्यासाठी होते, डीएनए नोंदणीसकट वंशावळ ठेवतात. बैल हाच कमाईचा असल्याने त्याला जपतातही. तरी गर्दी, प्रवास, दिव्यांचा झगमगाट यांचा ताण जनावराला नसतो असं मी म्हणणार नाही.

अनया_ठाणे
पट्ट्याचं कळलं, मान्य. मुद्दा सोडत नाही. तो बैल तिथे स्वतःहून आलेला नाही, स्वार आलेला आहे.

केटीची_आई
अनया, हे मी तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "स्वार जायचे थांबणार नाहीत. तोवर कुणीतरी तिथे असायला हवं." तुमच्या मुद्द्याला हे उत्तर नाही, मला कळतं.

प्लेनोकर, मेसन लोबद्दल तिला माहीत आहे. 2013 पासून नव्या पिढीच्या स्वारांना मोठ्या लीगमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं, जुन्यांना सूट राहिली. मॉनी काउबॉय हॅटवरच खेळत राहिला, आणि 2023 मध्ये मान मोडून त्याची कारकीर्द संपली. त्या रात्री तिने भिंतीवरचा फोटो काढला नाही, त्याच्या बाजूला मानेच्या मणक्यांचं चित्र लावलं. मी त्या दोन्हींकडे बघत उभी राहिले तेव्हाच माझं ठरलं.

प्लेनोकर
हे वाचून मी थोडा हललो, खोटं बोलणार नाही. तरी कर्ज काढण्याआधी तिला शाळेच्या ट्रेनरच्या हाताखाली एक सीझन राबू द्या. बर्फाच्या पिशव्या, घामट पट्ट्या, आरडाओरडा करणारे पालक. त्यानंतरही डोळे तसेच चमकले तर मी माझा विरोध मागे घेईन.

केटीची_आई
ऑगस्टपासून तेच करतेय. परवा शुक्रवारी मॅचनंतर रात्री अकराला घरी आली आणि माझ्या घोट्याला तीन वेळा पट्टी बांधून सोडली, घड्याळ लावून. बाबा अजून हो म्हणालेले नाहीत. दोन्ही कॉलेजांच्या फीचा तक्ता करून बसलेत. त्यात घाटकरी दादांचा प्रश्न त्यांनी एका रकान्यात लिहून घेतलाय.