रोज चालणे असूनही पायांतली ताकद कमी का होत असावी?

कात्रजकर :
नमस्कार. माझे वय ४८, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो आहे. नोकरी बैठी असली तरी रोज सकाळी पाऊण तास भरभर चालतो, जमेल त्या रविवारी पायवाटेने सिंहगड चढतो आणि व्यसन कोणतेही नाही. असे असूनही दोन गोष्टी खटकू लागल्या आहेत. गड चढताना फारसा दम लागत नाही, पण उतरताना मांड्या थरथरतात आणि गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते. शिवाय पूजेला मांडी घालून बसल्यावर जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. त्यातच अलीकडच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.१ आले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी व्यायाम वाढवायला सांगितले आहे. चालण्याचा वेळ दीड तासावर न्यावा, की आणखी काही करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शेवंती :
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि आपल्यासारखी तक्रार घेऊन येणारे पन्नाशीच्या आसपासचे लोक मला नेहमी भेटतात. आपले चालणे उत्तम आहे, ते मुळीच सोडू नका. मात्र चालण्याने हृदय व फुप्फुसे जितकी तयार होतात तितके स्नायू होत नाहीत, कारण सपाट रस्त्यावर मांडीला तिच्या ताकदीच्या मानाने फार थोडे ओझे उचलावे लागते. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि ही घट रोखायची तर स्नायूंवर चढता भार टाकावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. आपल्याकडे पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो आणि दुसरा कोणी सांगतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचे वजन धरून ठेवतो. तो कमजोर असला की वाटीच्या सांध्यावर ताण येतो. म्हणून सुरुवात खुर्चीपासून करा. हात छातीशी घडी घालून उठा आणि बसताना तीन-चार सेकंद घेत, धपकन न टेकता, सावकाश खाली या. दहा वेळा सहज जमू लागले की खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्या, आणि तेही सोपे वाटू लागले की पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ भरून तोच व्यायाम करा. दोन वेळांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा आणि जोर लावताना श्वास रोखू नका. गुडघ्याला सूज असेल किंवा तो मध्येच अडकत असेल, तर मात्र आधी प्रत्यक्ष तपासून घ्या.

आंबेमोहर :
साखरेबद्दल थोडे लिहितो. आपला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) साधारण २२.७ येतो, म्हणजे भारतीयांसाठी धरलेल्या २३ च्या मर्यादेच्या आत. पण त्यावरून निश्चिंत होता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा कंबर मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, म्हणून शेवंतीताईंनी सांगितलेला व्यायाम आपल्या गुडघ्यांइतकाच एचबीए१सीसाठीही मोलाचा आहे.

आहारात प्रथिने पुरेशी आहेत का, तेही पाहावे. किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम या भारतीय शिफारशीनुसार आपल्याला सुमारे ५३ ग्रॅम लागतील. पातळ वरण आणि पोळी-भाजीवर तेवढी भरत नाहीत. दोन्ही जेवणांत घट्ट उसळ, दही किंवा पनीर, चालत असल्यास अंडी वा मासे, असे जाणीवपूर्वक वाढावे लागते.

औंधकर :
मला वाटते, रोजचे सूर्यनमस्कार यासाठी पुरेसे व्हावेत. आमच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार केला आणि आमच्या घरात ते तिसऱ्या पिढीत चालू आहेत. खर्च नाही, साधने नाहीत, आणि अंगाचा ताठरपणा जातो.

शेवंती :
औंधकर, सूर्यनमस्कारांचा मला आदरच आहे. खांदे, पाठीचा कणा आणि दंड यांना त्यांनी चांगला व्यायाम होतो. परंतु त्यांत ओढण्याची क्रिया जवळजवळ नाही आणि पायांवरचा भार कायम तेवढाच राहतो, संख्या वाढवली तरी दम वाढतो, ताकद फारशी नाही. त्यांच्या जोडीला आपल्या तालमींतल्या बैठका आणि रबरी पट्टा दाराला अडकवून ओढणे, एवढे केले तरी उणीव भरून निघेल.

निशिगंध :
स्त्रियांसाठी एक गोष्ट जोडते. पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात आणि वजन उचलण्याच्या व्यायामाने ती झीज कमी होण्यास मदत होते. व्यायामशाळेत डंबेल उचलायला आम्हा पन्नाशीच्या बायकांना संकोच वाटतो, पण ‘आता या वयात काय उपयोग’ असे म्हणण्याला आधार नाही. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती.

कात्रजकर :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चालण्याचा वेळ आहे तेवढाच ठेवतो आणि मंगळवार-शुक्रवार खुर्चीच्या व्यायामासाठी राखतो. शेवंतीताई, मांडीतली थरथर थांबेपर्यंत गडावरून उतरणे बंद ठेवावे का?

शेवंती :
पूर्ण बंद नको. काही काळ पायवाटेने चढा आणि उतरताना गाडीने या. दोन काठ्या घेऊन उतरणे पुढच्या टप्प्यात सुरू करू.