मदत हवी आहे: कोल्हापूर ते मालवण मार्गावर खात्रीने चालू असलेला फास्ट चार्जर

गणपतीला पुण्याहून मालवणला जायचंय. गाडी नेक्सॉन ईव्ही, जुनी 30.2 किलोवॅट-तासाची, सीसीएस-2 गन (फास्ट चार्जिंगचा प्लग). एसी लावून, चौघं आणि सामान घेऊन 190-200 किमी मिळतात. सोबत वयस्कर आई-वडील आहेत, त्यामुळे रात्रीचं कुठे अडकून चालणार नाही.

कोल्हापूरपर्यंत काळजी नाही, सातारा-कऱ्हाडकडे पर्याय बरेच आहेत. पुढे राधानगरी-फोंडा घाटाने कणकवलीला उतरणार. उतरताना रीजनने (गाडी मंदावताना मोटर उलट वीज बनवते) थोडी बॅटरी परत मिळते, पण परतीला तोच घाट चढायचाय, म्हणून खाली पूर्ण चार्ज मिळणं गरजेचं आहे.

तीन अ‍ॅप तपासली. कणकवली-कुडाळकडचे चार्जर त्यांत 'उपलब्ध' दिसतात. पण मे महिन्यात अशाच एका 'उपलब्ध' चार्जरवर गेलो तर मशीन बंद, आणि हेल्पलाइनने चाळीस मिनिटं नुसतं थांबवून ठेवलं. म्हणून आता अ‍ॅपवर भरवसा नाही. गावच्या घरी 15 अँपिअरचा सॉकेट आहे, पण अर्थिंग नीट नसल्याने पोर्टेबल चार्जर एरर देतो. मालक भाऊबंद आहेत, सणाआधी वायरिंगचं काम निघणार नाही. आंबा घाटाने रत्नागिरीवरून जाणं लांब पडतं, तो शेवटचा पर्याय.

गेल्या महिनाभरात कणकवली, कुडाळ किंवा मालवणमध्ये कुणी स्वतः डीसी (फास्ट) चार्जिंग केलंय का? नेमकं कुठे, किती किलोवॅट मिळाले, आणि रात्री नऊनंतर तिथे माणूस असतो का?