मदत हवी आहे: वळवाचे ढग सुरक्षितपणे कुठून आणि कधी पाहावेत?

नाशिकला राहतो. वळवाचे ढग पाहायचे आणि त्यांचे फोटो काढायचे, एवढाच छंद. अगदी नवखा आहे. गेल्या रविवारी सिन्नर रस्त्यावर दुपारी चारच्या सुमारास ढग ऐरणीसारखा वर पसरला, खाली कांद्यावर ताडपत्री टाकायची धावपळ. मी पोहोचेपर्यंत वादळ पुढे सरकलं होतं.

विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप आहे, पण त्याचा इशारा मुख्यतः आसपास विजा पडू लागल्यावरच येतो. मुंबईच्या हवामान रडारचं चित्र पाहतो. ढग दिसतो, पण तो कुठे सरकणार हे उमगत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजतो (तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर). तीसच्या आत आले की गाडीत बसून काचा लावतो.

बंद चारचाकी फक्त शनिवार-रविवारी मिळते. दुचाकीवर किंवा डोंगरमाथ्यावर जाणार नाही, तसं सुचवूही नका. गाराही पडतात, त्यामुळे ढगाखाली शिरायचं नाही, लांबूनच पाहायचं.

ढग कुठे सरकेल हे दुपारी बारा-एकलाच ताडायला कोणत्या उंचीवरचा वारा पाहता? आणि सिन्नर, निफाड, चांदवड पट्ट्यात गाडी बाजूला लावून मोकळं क्षितिज दिसेल अशी जागा कुठली?